पोस्टर त्रेचाळीस दुकानांत, तिकिटं सतरा

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एकतीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. चार मित्रमैत्रिणींबरोबर तीन वर्षं खपून तिने ८८ मिनिटांचा सिनेमा केला. नवऱ्याच्या माघारी त्याची पिठाची गिरण चालवायला घेणाऱ्या बाईची ही गोष्ट. दोन महोत्सवांत सिनेमा दाखवला गेला, कौतुक झालं, पण वितरक मिळाला नाही. मग तिने आपल्याच गावात नगरपरिषदेचं ३८० खुर्च्यांचं नाट्यगृह ठरवलं. रविवारी संध्याकाळी साडेसातचा खेळ, तिकीट १२० रुपये. भाडं, प्रोजेक्टर, साउंड आणि छपाई धरून खर्च ३१ हजार. कॅफे, जिम, मोबाइलची दुकानं, कपड्यांच्या शोरूम अशा त्रेचाळीस ठिकाणी पोस्टर लावून झाली. तिकिटं गेली सतरा, त्यातली अकरा नातेवाइकांनी घेतली. पैशाची मदत मागितली तर बहुतेक दुकानदार ‘नंतर बघू’ म्हणाले. एक सराफ मात्र सगळा खर्च उचलायला तयार आहेत. त्यांच्या अटी तीन : प्रवेश मोफत ठेवायचा, सिनेमाच्या नावाच्या वर त्यांचं नाव ‘प्रस्तुत’ म्हणून घालायचं, आणि सुरुवातीला त्यांचा सत्कार व मनोगत. मित्र म्हणतात, घेऊन टाक. वडील म्हणतात, सिनेमा केलास तो केलास, आता दारोदार फिरू नकोस. खेळाला सात आठवडे आहेत. ती विचारते, सराफांचे पैसे घेऊ का? आणि बाकीच्या दुकानदारांना कसं वळवू?

मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि तुम्ही दिलेल्या दुकानांच्या यादीवर खुणा करत गेले. सिनेमा गिरणीचा आहे, आणि त्रेचाळीस दुकानांत गिरण एकही नाही.

असं का झालं असेल, याचा मी बराच विचार केला. तुमचा सिनेमा महोत्सवांत ज्यांनी पाहिला ते तुमच्या वयाचे, शिकलेले, सिनेमावर बोलणारे लोक होते. त्यामुळे आपला प्रेक्षक म्हणजे कॅफेत बसणारी मुलंमुली, असं मनाने घेतलं. गावात परतल्यावर तुम्ही तोच प्रेक्षक शोधलात. पण पट्टा सुटल्यावर गिरणीचा आवाज कसा बदलतो, दगडाला टाकी लावायची वेळ झाली की पीठ कसं गरम आणि भरड येतं, ज्वारीनंतर लगेच गहू टाकला की कोण कटकट करतं, हे ज्यांना न सांगता कळतं त्या बायका कॅफेत नाहीत. त्या कमरेवर डबा घेऊन रांगेत उभ्या आहेत. गोष्ट त्यांची आहे आणि त्यांना तुमच्या खेळाचा पत्ताच नाही. तरुणांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. ते येतील, पण आईला घेऊन आले तर नाट्यगृह भरेल.

दुसरी गोष्ट, तुम्ही दुकानात शिरलात कशा? पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘फाइल घेऊन मी आणि माझा मित्र संध्याकाळी सहानंतर निघायचो.’ दुकानदाराच्या बाजूने ही वेळ बघा. सहा ते साडेआठ त्याचा खरा धंदा. गिऱ्हाईक काउंटरवर, आणि बाजूला दोघं जण फाइल घेऊन उभे. गणपती, नवरात्र, जयंती, क्रिकेटच्या स्पर्धा, भंडारा. वर्षभर त्याच्या दारात पावतीपुस्तकं येत असतात. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच त्याने तुम्हाला वर्गणीवाल्यांत बसवलं आणि सवयीचं उत्तर दिलं. ‘नंतर बघू’ हे तुमच्या सिनेमाला दिलेलं उत्तर नव्हतं, त्याने तुमचा सिनेमा ऐकलाच नाही. म्हणून ते मनाला लावून घेऊ नका. आता जाल ते दुपारी तीनच्या सुमारास जा, नाहीतर सकाळी अकरानंतर. सकाळी जाणार असाल तर बोहनी झाली आहे ना, एवढं बघा. बोहनीआधी मागायला आलेला माणूस कोणालाच आवडत नाही. आणि पहिल्या भेटीत काही मागू नका.

मग पहिल्या भेटीत करायचं काय? आमंत्रण द्यायचं.

पोस्टरबद्दल मला काय वाटतं ते इथे स्पष्ट लिहिते. पोस्टर लावून घेणं ही दुकानदाराच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त मदत आहे. भिंत दिली की सुटला. तुम्हीही समाधानाने पुढच्या दुकानात गेलात. पण भिंत बोलत नाही. तुमच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराशी दिवसाला शे-दीडशे माणसं बोलत असतील. त्यातल्या दहा जणांना तो स्वतःहून म्हणाला, ‘अहो, रविवारी जा, मी बघितलाय,’ तर ते त्रेचाळीस पोस्टरांना भारी पडेल. आता तो हे कधी म्हणेल? त्याने खरंच बघितला असेल तेव्हाच.

आमची फिल्म सोसायटी ज्या गावात चालायची तिथे मला हे एका केशकर्तनालयात शिकायला मिळालं. आम्ही गावभर कागद चिकटवायचो आणि पहिल्या दोन रांगा भरायच्या. एकदा त्या दुकानाचे मालक सहज येऊन बसले. सिनेमा त्यांना इतका भिडला की पुढच्या महिन्यात तोच परत दाखवायला आम्हाला त्यांनीच भाग पाडलं. मधले चार आठवडे ते गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायचे आणि गोष्ट सुरू करायचे. मध्यंतरापर्यंत सांगायचे, वस्तरा पुसायचे आणि म्हणायचे, ‘पुढचं तिथं बघा.’ साबण लावलेला माणूस उठून जात नाही. त्या दुसऱ्या खेळाला आम्हाला शेजारच्या शाळेतून सतरंज्या आणाव्या लागल्या.

तेव्हापासून गावात प्रचार करायचा म्हटलं की मी एकच प्रश्न विचारते. इथे माणसं कुठे थांबतात? मोबाइलच्या दुकानात माणूस रिचार्ज करतो आणि जातो. गिरणीत थांबतो. टेलरकडे, केस कापायला, झेरॉक्सच्या दुकानात, डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत बाहेरच्या औषधाच्या दुकानात, गॅरेजमध्ये पंक्चर निघेपर्यंत, ब्यूटी पार्लरमध्ये मेंदी वाळेपर्यंत. थांबलेल्या माणसाला गोष्ट ऐकायला वेळ असतो, आणि सांगणाऱ्यालाही सोबत हवी असते. अशी पंधरा-वीस ठिकाणं निवडा. गावातल्या सगळ्या गिरण्या त्यात हव्याच, आणि सुरुवात तिथूनच करा.

या वीस जणांना सिनेमा आधी दाखवा. पूर्ण दाखवा, ट्रेलर दाखवून बोळवण करू नका. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, किंवा दुकानं बंद झाल्यावर रात्री नऊला, एखाद्या घराच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयाच्या खोलीत. जोडीने बोलवा. गिरणी नवरा चालवत असला तरी दळणाला आलेल्या बायकांशी बोलते ती बहुधा त्याची बायको. चहा ठेवा, आणि संपल्यावर भाषण न करता नुसत्या ऐकत बसा. गिरणीवाले तुमच्या चुका काढतील. ‘पट्टा असा चढवत नाहीत’ असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. ज्याने चूक काढली त्याने सिनेमा आपला मानला, आणि आता तो चार लोकांना ती चूक दाखवायला घेऊन येईल. वीसातले आठ जण मनापासून बोलायला लागले तरी पुष्कळ आहेत. बाकीच्यांकडे परत जाऊ नका. नुसता नमस्कार ठेवा.

त्या आठ जणांकडे तिकिटं द्या. दहा-दहा तिकिटांची छोटी पुस्तकं शिवून घ्या, स्थळप्रत असलेली, आकडे छापलेली. कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत कोणाकडे, हे वहीत लिहा आणि पुढे त्यांची सही घ्या. पैसे ऑनलाइन येणार असतील तर तुमचा क्यूआर कोड पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. दुकानाच्या खात्यात पैसे गेले की त्यांच्या हिशोबात गुंता होतो, आणि मागताना तुम्हाला संकोच वाटतो. दर सोमवारी जाऊन हिशोब करायचा, विकली गेली नसतील तर हसून पुस्तक बदलून दुसऱ्याला द्यायचं. कमिशन देऊ नका. ज्याने सिनेमा मनापासून सुचवला त्याला दहा टक्के पुढे केले की त्याला आपण दलाल झाल्यासारखं वाटतं. त्याऐवजी घरच्यांसाठी चार खुर्च्या पुढच्या रांगेत राखा आणि त्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावा. खेळाच्या दिवशी ती चिठ्ठी बघताना त्यांचा चेहरा बघा.

गिरण्यांसाठी एक खास गोष्ट सुचते. दळणाच्या डब्यावर किंवा पिशवीवर नाव आणि वजनाची चिठ्ठी असते. तळहाताएवढा जाड कागद घ्या. एका बाजूला नाव आणि वजनाची रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला सिनेमाचं नाव, वार, वेळ आणि गोष्टीची एक ओळ. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवा. गिरणीवाल्याला ती वापरायची वस्तू मिळते, आणि तुमचा सिनेमा डब्याबरोबर थेट स्वयंपाकघरात पोहोचतो. चिठ्ठी पिठात पडणार नाही अशी बाहेर बांधलेली हवी, शाई न उतरणारी हवी. हजार चिठ्ठ्यांचा खर्च त्या मोठ्या रंगीत पोस्टरांपेक्षा जास्त होणार नाही.

आता सराफ. तुमच्या पत्राचा निम्मा भाग त्यांच्याबद्दल आहे आणि त्यात अपराधी सूर आहे, जणू व्यापाऱ्याचा पैसा घेतला की सिनेमा बाटला. तसं काही नाही. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघांबरोबर पाचवे भागीदार होते सीताराम कुलकर्णी, आणि ते सराफ होते. त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पाठीशी तानीबाई कागलकर या गायिका पैसा घेऊन उभ्या राहिल्या. मराठी सिनेमाचा पाया गावातल्याच ऐपतदार माणसांनी घातला आहे. तेव्हा त्यांच्या पैशाला नाही म्हणू नका. प्रश्न त्या तीन अटींचा आहे, आणि त्या एकेक करून बघायला हव्यात.

‘प्रस्तुत’ हा शब्द निर्मात्याचा. तीन वर्षं ज्यांनी पैसे आणि झोप घातली त्यांच्या नावावर तो लागतो, एका खेळाचा खर्च दिल्याने मिळत नाही. हे त्यांना आदराने सांगता येतं, आणि धंद्यातल्या माणसाला मालकी आणि भाडं यातला फरक चांगला कळतो. ‘या खेळासाठी सौजन्य’ असं तिकिटाच्या मागे आणि प्रवेशद्वारावर त्यांचं नाव ठळक टाका. सत्कार आणि मनोगत सिनेमाच्या आधी ठेवू नका. दिवे मंद व्हायची वाट बघणारा प्रेक्षक अर्ध्या तासाच्या भाषणाने थकतो आणि तुमची पहिली दहा मिनिटं त्या थकव्यात जातात. सिनेमा संपल्यावर तुमच्या चमूला गुलाबपुष्प त्यांच्या हस्ते द्या. त्या वेळी लोक भारावलेले असतात, टाळ्या मनापासून पडतात, आणि त्यातल्या काही सराफांच्याही वाट्याला येतात. त्यांनाही हे जास्त आवडेल, नीट समजावलं तर.

मोफत प्रवेशाला मात्र माझा ठाम विरोध आहे. फुकटचा पास खिशात राहतो. रविवारी पाहुणे आले, पाऊस आला, कंटाळा आला की माणूस येत नाही, कारण त्याचं काही जात नाही. नाटकाच्या पासांच्या बाबतीत हे मी अनेक वर्षं बघितलं आहे. सराफांना असं सुचवा की त्यांनी साठ तिकिटं विकत घ्यावीत, ७,२०० रुपयांची, आणि ती अशा बायकांना द्यावीत ज्यांना १२० रुपये जड आहेत. आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या मुली, बचत गटातल्या बायका, गिरणीत आणि हॉटेलात कामाला असणाऱ्या. तिकीट त्यांच्या हातात सराफांच्या दुकानातून पडू दे. दानाचं समाधान त्यांना, प्रेक्षक तुम्हाला.

उरलेल्या पैशाचं काय? तुम्हाला टॉकीजमधल्या मध्यंतराच्या स्लाइड आठवतात का? तुमच्या वयाला कदाचित नाही. दिवे लागायचे, आणि पडद्यावर काचेच्या पट्टीवर रंगवलेली गावातल्याच दुकानांची नावं यायची, कापड दुकान, चष्मेवाले, मिठाईवाले. लोक चिवड्याची पुडी फोडत ती मोठ्याने वाचायचे आणि ‘हे आपल्या गल्लीतलं’ म्हणून एकमेकांना कोपराने ढोसायचे. ती पद्धत परत आणा. आठ दुकानांच्या आठ स्लाइड, प्रत्येकी हजार रुपये, प्रत्येकी दहा सेकंद. त्या सुंदर करा. दुकानदाराचा स्वतःचा फोटो, त्याच्या काउंटरमागे उभा असलेला, तुमच्याच कॅमेऱ्याने नीट प्रकाश घेऊन काढलेला. ज्याचा फोटो पडद्यावर येणार तो घरचे सगळे घेऊन येतो.

हिशोब करून बघा. ३१ हजारांतून सराफांचे ७,२०० आणि स्लाइडचे ८,००० गेले. राहिले १५,८००. म्हणजे आणखी १३२ तिकिटं विकली गेली की खर्च निघतो. आधी तुम्हाला २५९ विकायची होती. आणि नाट्यगृहात १९२ माणसं असतील, अर्ध्याहून जास्त. बाल्कनी बंद ठेवून सगळ्यांना खाली बसवा, भरल्यासारखं वाटेल, आणि हसू एकमेकांना लागेल.

एका गोष्टीची मला काळजी वाटते, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे का? महोत्सवात सिनेमा दाखवला गेला म्हणजे ते झालं, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. महोत्सवांना वेगळी सूट मिळते आणि ती तुमच्या नाट्यगृहाला लागू होत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक खेळाला प्रमाणपत्र लागतं, तिकीट असो वा नसो. म्हणजे सराफांच्या मोफत प्रवेशानेही हे टळलं नसतं. अर्ज ऑनलाइन होतो, पण आज केला आणि उद्या प्रमाणपत्र हातात पडलं असं होत नाही. अर्ज केला नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी तो करा. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तिकिटं विकू नका, विकलेल्या सतरांना तसं कळवून ठेवा, आणि गरज पडली तर तारीख पुढे ढकला. तारीख ढकलण्यात कमीपणा नाही. खेळाच्या दिवशी कोणी येऊन तो थांबवला तर मात्र ते नुकसान भरून निघत नाही. तसंच विजेचे खांब, एसटी स्टँडची भिंत, शाळेचं कुंपण इथे पोस्टर चिकटवू नका. मालमत्तेच्या विद्रूपणाबद्दल महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे आणि विनापरवाना पोस्टर त्यात येतं.

आणि खेळाची वेळ. रविवारी साडेसात ही शहरातली वेळ झाली. तुमच्याकडे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्यांना परतीची शेवटची एसटी कितीला आहे ते स्टँडवर जाऊन विचारा. माझ्या अंदाजाने तुम्हाला खेळ साडेचारला आणावा लागेल. दुपारची कामं आवरून आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी, ज्या बायकांसाठी तुम्ही हा सिनेमा केलात त्यांना मोकळा वेळ तेवढाच असतो.

अशी पत्रं मला इतरांकडूनही येतात. कोणी नदीवर माहितीपट केलेला असतो, कोणी खेळाडूंवर, कोणी तमाशातल्या वादकांवर. त्यांनाही हेच सांगेन की तुमच्या विषयाला गावातला कुठला धंदा चिकटलेला आहे ते आधी शोधा. नदीचा माहितीपट असेल तर जाळी विणणारे, रोपवाटिका, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे. वादकांचा असेल तर वाद्यं दुरुस्त करणारे, बॅन्डवाले, मंडपवाले. पुण्या-मुंबईत असाल तर सगळ्या शहराच्या मागे न लागता एकाच वॉर्डातले चार रस्ते धरा. व्हॉट्सॲपचा उपयोग आहे, पण दुकानदाराला रोज फॉरवर्ड पाठवून वैताग आणू नका. खेळाच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या आवाजात बोललेलं वीस सेकंदांचं एक स्टेटस पुरे. त्याच्या गिऱ्हाइकांकडे त्याचा नंबर असतोच.

वडिलांबद्दल. ‘दारोदार फिरू नकोस’ यात मला राग दिसला नाही. मुलीला कोणी नाही म्हटलेलं त्यांना बघवत नाही, एवढंच दिसलं. दादासाहेब फाळके आपल्या सिनेमाच्या जाहिराती स्वतः लिहायचे. सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला अगदी थोडा जमला तेव्हा त्यांनी जाहिरातीत सिनेमाची लांबी मैलात आणि चित्रांची संख्या हजारांत सांगितली, आणि लोक यायला लागले. वडिलांना हे सांगाच, पण त्याने त्यांचं समाधान होईल असं नाही. त्यापेक्षा त्यांना एक काम द्या. दर सोमवारचा तिकिटांचा हिशोब त्यांच्याकडे सोपवा. त्या आठ दुकानदारांकडे तेच जातील, बहुतेकांना ते तुमच्यापेक्षा जास्त वर्षं ओळखत असतील, आणि तिथे लेकीबद्दल काय बोललं जातं ते त्यांच्या कानावर पडेल.

खेळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळी त्रेचाळीस पोस्टर तुम्ही स्वतः काढून आणा. ज्यांनी तिकिटं विकली त्यांना किती लोक आले, किती पैसे जमले ते सांगा. शेजारच्या तालुक्यात दुसरा खेळ करायचा झाला तर तिथल्या गिरणीवाल्याला पहिला फोन तुमच्या गावातला गिरणीवालाच करेल.

सुरुवात या आठवड्यातच करा. घरातली दोन पायली ज्वारी डब्यात भरा, घराजवळच्या गिरणीत जा आणि नंबर लावा. फाइल घरी ठेवा. तुमच्या पुढे ज्या बायका असतील त्यांच्यात उभ्या राहा, आणि पीठ होईपर्यंत गिरणीवाल्या वहिनींना विचारा की सुट्टीच्या दिवशी रात्री नऊला त्या मोकळ्या असतात का.